खवल्या मांजरातलं मांजर

प्रश्न असा आला आहे: ‘खवल्या मांजर हे मांजर नाही, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. मग मराठीत त्याला मांजर का म्हणतात? लिहिताना ‘खवले मांजर’ बरोबर की ‘खवल्या मांजर’? आणि गैरसमज टाळायचा तर सरळ ‘पँगोलिन’च का लिहू नये?’

तिसऱ्या भागाबद्दल माझ्या मनात शंका नाही, म्हणून तेवढं आधी सांगतो. ‘खवल्या मांजर’ हा फार चांगला शब्द आहे आणि तो आपण सोडू नये. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

हा प्राणी मी एकदाच जवळून पाहिला. आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यात, काजूच्या बागेच्या गडग्यालगत. रात्रीचे दहा वाजायचे होते. विजेरीच्या उजेडात आधी दिसली ती पाठ. कौलांसारखे एकावर एक चढलेले, मातकट रंगाचे खवले, आणि तसेच खवले थेट शेपटीच्या टोकापर्यंत. तोंड निमुळतं, डोळे बारीक. पुढच्या पायांची लांब नखं आत मुडपून तो पावलांच्या कडेवर चालत होता. मामा माझा दंड धरून हळूच म्हणाला, ‘हलू नको. खवल्या आहे. कसा चाललाय बघ.’ पाचोळ्यावर माझा पाय पडला मात्र, त्याने डोकं पोटाशी घेतलं, शेपूट वरून गुंडाळली आणि क्षणात त्याचा चेंडू झाला. आम्ही विजेरी विझवून मागे फिरलो.

मामाच्या त्या वाक्यात तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तो ‘मांजर’ म्हणालाच नाही. नुसतं ‘खवल्या’ म्हणाला, आणि पुल्लिंगी क्रियापद लावलं: ‘चाललाय’. म्हणजे ‘खवल्या’ हे मांजराचं विशेषण नाही. ते स्वतःच्या पायावर उभं असलेलं नाम आहे. ज्याच्या अंगावर खवले, तो खवल्या. अंगावरच्या ठळक खुणेला ‘या’ लावून नाव पाडायची ही आपली जुनी खोड आहे: टकल्या, ढेऱ्या, झिपऱ्या. सापांच्या नावांत तर ती पदोपदी दिसते. अंगावर कवड्यांसारखी नक्षी, तो कवड्या. गवताच्या रंगाचा, तो गवत्या. मांजरासारख्या उभ्या बाहुल्यांचा, तो मांजऱ्या. जमिनीखाली राहणाऱ्या एका सापाला तर खापरखवल्याच म्हणतात. त्याची शेपटी खापरीने तोडल्यासारखी बोथट आणि खरबरीत असते. ‘खवल्या’ या पंगतीतला आहे. ‘मांजर’ मागून जोडलं की लिंग बदलतं आणि आपण ‘खवल्या मांजर आलं’ म्हणतो. पण ‘खवल्या’चं रूप तसंच राहतं. ते साधं विशेषण असतं तर नपुंसकलिंगी नामापुढे तसं राहिलं नसतं.

मग ‘खवले मांजर’ चुकीचं का? नाही. अनेकांना वाटतं की अनेकवचनी ‘खवले’ समासात कसं चालेल. पण काटेसावर आठवा, काटेकोरांटी आठवा. काटे असलेली सावर ती काटेसावर, तसं खवले असलेलं मांजर ते खवलेमांजर. माझं म्हणणं इतकंच, की ते या वळणाने लिहायचं तर जोडून लिहावं. काटेसावर आपण तोडून लिहीत नाही. दोन्ही शब्द मराठीच्या हाडामांसाचे आहेत. मी स्वतः ‘खवल्या’ वापरतो, कारण कानाला त्याची सवय आहे आणि त्यात हाक मारल्याची जवळीक आहे.

आता मुख्य गोष्ट, मांजर. हा शब्द मराठीने एकाच कुळापुरता राखून ठेवलेला नाही. पाणमांजर मार्जारकुळातलं नाही. उदमांजर, म्हणजे आपला कांडेचोर, तोही नाही आणि जवादी मांजरही नाही. या सगळ्यांत समान काय, ते पाहा. घरच्या मांजरापेक्षा थोडं मोठं, आखूड पायांचं, लांब शेपटीचं, बहुतेक काळोखात हिंडणारं, माणसाची चाहूल लागली की नाहीसं होणारं. ‘मांजर’ इथे नातं सांगत नाही. ते माप सांगतं आणि वागणं सांगतं. पाणघोड्याला घोडा म्हणताना, देवमाशाला मासा म्हणताना किंवा गोगलगाईला गाय म्हणताना मराठी माणसाचा गोंधळ होत नाही, तो यामुळेच. उलट जो खरोखर मार्जारकुळातला आहे, घरच्या मांजराहूनही लहान, अंगावर तांबूस ठिपके असलेला, त्याला आपण वाघाटी म्हणतो. मापाने मांजर, पण नाव वाघाचं, कारण तिथे लोकांना ठिपके आणि आवेश दिसला.

जाता जाता दोन सावधगिऱ्या. वटवाघळातला वाघ या यादीत घालू नका. तो वाघ नव्हेच. संस्कृतात मोठ्या वाघळाला वल्गुली म्हणतात, ‘वाघूळ’ तिथून आलं. आणि हिंदीतून भाषांतर करणाऱ्यांनी ‘ऊदबिलाव’ला ‘उदमांजर’ करू नये. हिंदीतला ऊदबिलाव म्हणजे आपलं पाणमांजर. त्यातला ‘ऊद’ संस्कृत ‘उद्र’वरून आला आहे, पाण्यातला प्राणी या अर्थाने, म्हणजे उदकाशी नातं सांगणारा. आपल्याकडे मात्र उदमांजर म्हणजे झाडावर फिरणारा, फळं खाणारा कांडेचोर.

शेजाऱ्यांनी याच प्राण्यात काय पाहिलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. बंगालीत त्याचं नाव आहे ‘बनरुई’, म्हणजे रानातला रोहू मासा. माशावर जगणाऱ्या मुलखाला खवले दिसले आणि मासाच आठवला. कन्नडमध्ये तो ‘चिप्पु हंदी’ आहे, शिंपल्यांचं डुक्कर. त्यांनी जमीन उकरणं पाहिलं. तमिळमध्ये ‘एरुम्बुतिन्नी’, मुंग्या खाणारा. चिनी नावाचा अर्थ होतो डोंगर भेदणारं चिलखत. आणि ज्या ‘पँगोलिन’ला आपण शास्त्रीय समजून बिचकतो, तो शब्द मलय भाषेतल्या ‘पेंगगुलिंग’वरून आलेला आहे: गुंडाळी करणारा. तोही कुणा गावकऱ्याने डोळ्यांनी पाहून ठेवलेलं नावच. मग आपल्या गावकऱ्याचं नाव टाकून त्याच्या गावकऱ्याचं घेतल्याने शास्त्र कसं वाढेल? शास्त्रीय नाव वेगळंच आहे. भारतात मुख्यतः दोन जाती मानल्या जातात. आपल्याकडची मॅनिस क्रॅसिकॉडाटा, म्हणजे जाड शेपटीची. ईशान्येतली मॅनिस पेंटाडॅक्टिला, म्हणजे पाच बोटांची. हे दुसरं नाव स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये दिलं.

ही पाच बोटं वाचली की मला वाल्मीकी रामायणातला किष्किंधाकांडातला श्लोक आठवतो. बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो की माझं मांस तर तुला खाताही येत नाही, मग मला मारलंस कशाला? आणि पाच नखांच्या प्राण्यांपैकी खाण्याजोगे पाचच, असं सांगून तो ते मोजतो: ‘शल्यकः श्वाविधो गोधा शशः कूर्मश्च पञ्चमः’. गोधा म्हणजे घोरपड, शश ससा, कूर्म कासव. श्वाविध म्हणजे साळिंदर. मग शल्यक कोण? कोशांत अर्थ पुन्हा साळिंदर असा मिळतो. पण पाचच मोजणारा वाली एकच प्राणी दोनदा मोजणार नाही. माझं मत असं, की इथे शल्यक म्हणजे आपला खवल्या असावा: पाच नखांचा, अंगभर धारदार कडांचा, आणि दुर्दैवाने मांसासाठी फार पूर्वीपासून मारला गेलेला.

कुळाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. दात नाहीत, जीभ लांब, मुंग्या-वाळवी हेच अन्न, एवढ्यावरून या प्राण्याला फार काळ दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंच्या शेजारी बसवलं गेलं. मराठीत काही जण त्यालाच ‘मुंगीखाऊ’ म्हणतात, ते मात्र खरोखर टाळावं, कारण तो प्राणीच वेगळा. जनुकं तपासल्यावर कळलं की मुंगीखाऊशी याचं जवळचं नातं नाही. आज हयात असलेल्या प्राण्यांत खवल्याला सर्वांत जवळचा गट आहे मांसाहारी गण, ज्यात कुत्री, अस्वलं आणि मांजरं येतात. नातं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे, आणि नाव ठेवणाऱ्याला ते ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. तरी ‘मांजर कसं काय?’ असं विचारणाऱ्याला हे अवश्य सांगावं. ‘मुंगीखाऊ’पेक्षा ‘मांजर’ खऱ्याच्या जवळ आहे.

‘खवले’ शब्दाबद्दलही एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. माशाचा खवला आणि याचा खवला एक नव्हे. याचे खवले केराटिनचे असतात, म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे असतात त्याचेच. त्या खवल्यांत औषध आहे या समजुतीपायी हा प्राणी जगभर मारला जातो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे. 2016 मध्ये जोहान्सबर्गला भरलेल्या साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत त्याच्या जगातल्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही. बिबट्याच्या दातांना दाद न देणारा तो चेंडू माणूस हाताने उचलून पोत्यात घालतो.

म्हणून नावाचा आग्रह: ज्याला गावाने वाचवायचं, त्याचं नावही गावाचंच हवं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकणात या प्राण्यासाठी गावोगाव काम करते. फेब्रुवारीचा तिसरा शनिवार जगभर या प्राण्याचा दिवस म्हणून पाळतात. 2020 मध्ये चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने तो दिवस देवळात साजरा केला. खवल्या मांजराच्या प्रतिकृतीची पूजा झाली, तिला पालखीचा मान मिळाला. त्या सोहळ्याला नाव दिलं ‘खवलोत्सव’. गणेशोत्सवासारखा संधी, पण पहिलं पद अस्सल देशी. व्याकरणाचा काटेकोर माणूस कदाचित भुवया उंचावेल. मला हा गेल्या काही वर्षांत घडलेल्या उत्तम मराठी शब्दांपैकी एक वाटतो, आणि ‘पँगोलिन’वरून तो कुणाला घडवता आला नसता.