दोन पदव्या एकदम? आधी एवढं बघा

जेरोंटॉलॉजी (वार्धक्याचा अभ्यास) आणि एपिडेमिऑलॉजी (लोकसमूहात आजार कुणाला, किती, का होतात याचा अभ्यास) एकत्र करताय, उत्तम! प्रवेशाआधी एक गोष्ट लेखी घ्या: कोणते क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र) पहिल्याच सत्रात उरका, नाहीतर पुढचं सगळं अडतं.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- ‘६५च्या पुढचे’ सगळे एकाच रकान्यात टाकणं. ६७ आणि ९१ यांत अख्ख्या पिढीचं अंतर असतं.
- मृत्यू, आजारपण अशा कारणांनी अभ्यासातून मध्येच गळालेल्यांना विसरणं. अमेरिकेत १९४८पासून चाललेल्या फ्रेमिंगहॅम हृदयविकार अभ्यासासारख्या दीर्घ अभ्यासात शेवटी उरतात ते बहुतेक काटकच. त्यांच्यावरून सरसकट निष्कर्ष काढलात तर फसाल.

सर्व्हायव्हल मॉडेल (मृत्यू किंवा आजार यायला किती काळ लागतो याचं गणित) वगैरे नंतर. आधी म्हाताऱ्या माणसांशी निवांत बोला. प्रश्नावलीतलं ‘चालता येतं का?’ किती मोघम आहे (काठीनं? जिना?) ते तिथेच कळतं. आणि प्रबंध शक्यतो दोन्ही विभागांना चालेल असा एकच.