संस्कृतच्या विद्यार्थिनीनं लिथुआनियन शिकावं की डॅनिश?

प्रश्न : मी सांगलीत बीएच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय संस्कृत. जर्मनची बी-१ परीक्षा पास झाले आहे. युरोपातली आणखी एक, इकडे फारसं कुणी शिकत नाही अशी भाषा शिकून भाषांतरात जायचा विचार आहे. लिथुआनियन संस्कृतच्या जवळची आहे असं वाचलं. काका म्हणतात, डॅनिश घे, तिकडे पगार चांगले. या भाषा नक्की कुठे कुठे चालतात? आणि मी कुठली घेऊ?

उत्तर : डॅनिश बोलणारे साठ लाखांच्या आसपास, लिथुआनियन बोलणारे तीस लाखांच्या. पण या आकड्यांवर निर्णय घेऊ नकोस. कुठल्या गावात, कुठल्या कामासाठी ती भाषा लागते, ते आधी बघ.

डॅनिशचा पसारा डेन्मार्कच्या बाहेरही आहे. फेरो बेटांवर मातृभाषा फेरोईज, पण डॅनिश शाळेत शिकवतात. ग्रीनलंडमध्ये २००९ पासून अधिकृत भाषा एकटी ग्रीनलंडिक आहे, तरी सरकारी कचेऱ्यांत आणि उच्च शिक्षणात डॅनिशवाचून अडतं. आइसलंडमध्येही ती शाळेत शिकावी लागते. तुझ्या कामाचा पट्टा मात्र वेगळाच आहे : जर्मनीच्या उत्तर टोकाला फ्लेन्सबुर्गच्या आसपास सुमारे ५० हजारांचा डॅनिश अल्पसंख्य समाज आहे. त्यांच्या स्वतःच्या डॅनिश शाळा आहेत, वर्तमानपत्र आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे जर्मन आणि डॅनिश दोन्ही येणाऱ्याला तिथे खरी किंमत आहे. शिवाय नॉर्वे १८१४ पर्यंत डॅनिश राजवटीत होता, त्यामुळे तिथली बुकमोल ही लेखी भाषा डॅनिश येणाऱ्याला बऱ्यापैकी वाचता येते.

लिथुआनियनला असा शेजार नाही. तिची जिवंत असलेली जवळची बहीण एकच, लाटव्हियन, आणि या दोघींनाही एकमेकींचं बोलणं कळत नाही. देशाबाहेर पोलंडमधला पुन्स्क-सेयनीचा टापू, बेलारूसमधली काही गावं, आणि स्थलांतरित : शिकागोत जुनी वस्ती, २००४ नंतर ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वेत नवी. खुद्द लिथुआनियातही शाल्चिनिन्काइच्या बाजूला घरोघरी पोलिश, विसागिनासमध्ये रशियन ऐकू येते.

आता भाषांतराचं. इथे तुझा समज दुरुस्त करायला हवा. डॅनिश १९७३ पासून आणि लिथुआनियन २००४ पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे, हे खरं. पण तिथले भाषांतरकार मुख्यतः आपल्या मातृभाषेत भाषांतर करतात, आणि कायम नोकरीसाठी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. ते दार तुझ्यासाठी बंद आहे असंच धरून चाल. मर्स्कसारख्या डॅनिश कंपन्यांची पुण्या-मुंबईत कार्यालयं आहेत, पण कामकाज इंग्रजीत. काका सांगतात तो पगार इंजिनिअरचा किंवा नर्सचा आहे, भाषेचा नव्हे. इंजिनिअरचं इंग्रजीवर भागतं, नर्सला डॅनिशच लागते. कायम वास्तव्याच्या परवान्यालाही ठरावीक पातळीची डॅनिश परीक्षा असते. हातात व्यवसाय असेल तर डॅनिश त्याची किंमत वाढवते. तुझ्या हातात आज तो व्यवसाय नाही.

तुझ्या हातात संस्कृत आहे. म्हणून माझं मत लिथुआनियनच्या बाजूनं आहे, पण भाषांतरासाठी नाही, तौलनिक भाषाशास्त्रासाठी, म्हणजे भाषांची तुलना करून त्यांचं नातं शोधण्यासाठी. अग्नीला ‘उग्निस’, मुलाला ‘सूनुस’ (संस्कृत सूनु), मेंढीला ‘अविस’ (अवि), धुराला ‘दूमाइ’ (धूम). सात विभक्त्या आहेत. राजधानी ‘विल्नियुस’चं सप्तमीत ‘विल्नियुये’ होतं, जसं पुण्याचं पुण्यात. द्विवचनाचा अवशेषही सापडतो : ‘मुदु’ म्हणजे आम्ही दोघे, संस्कृतमधला ‘आवाम्’.

म्हणून ती सोपी जाईल असं मात्र समजू नकोस. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेनं इंग्रजीभाषकांसाठी तिला ४४ आठवडे, सुमारे ११०० तास धरलेत. डॅनिशला त्याहून बरेच कमी. विद्यार्थी दोन जागी अडखळतात. शब्दाचा आघात, म्हणजे बोलताना ज्या अक्षरावर जोर पडतो तो, रूपागणिक सरकतो आणि रोजच्या लेखनात तो दाखवत नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून आघात दाखवलेला शब्दकोशच वापर. दुसरं, अक्षराखालची शेपटी. ‘शाका’ म्हणजे फांदी. शेवटच्या अक्षराला शेपटी आली की तीच द्वितीया. फोनवर साध्या इंग्रजी कीबोर्डनं टाइप केलंस तर विभक्तीच पुसली जाते. लिथुआनियन कीबोर्ड आजच घालून घे.

डॅनिशची अडचण उलटी : व्याकरण हलकं, उच्चार जड. ‘ती’ आणि ‘कुत्रा’ यांच्या डॅनिश शब्दांत कानाला फरक उरतो तो घशातल्या एका झटक्याचा. पन्नासला म्हणतात ‘हाल्ट्रेस’, म्हणजे मुळात ‘अर्धा-तिसरा वेळा वीस’. तुला ‘अर्धतृतीय’वरून आलेला ‘अडीच’ माहीत आहे. अडीच विसा पन्नास! सत्तर साडेतीन विसा, नव्वद साडेचार. युरोपीय विद्यार्थी इथे रडकुंडीला येतात, तुला मात्र ते एका दुपारी जमेल.

क्रम असा ठेव. आधी जर्मनची पुढची पातळी, बी-२ कर, मग होईल तितकं पुढे ने. लिथुआनियनवरचं जुनं संशोधन बरंचसं जर्मनमध्ये आहे. ऑगस्ट श्लायशर या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं १८५६-५७ मध्ये या भाषेचं व्याकरण जर्मनमध्येच लिहिलं. सोबत आठवड्याला सहा तास लिथुआनियन, सहा महिने. तेवढ्यात सातही विभक्त्यांची एकवचनं न बघता लिहिता आली पाहिजेत. नाही आली, तर तिथेच थांब आणि जर्मनवर जोर दे, त्यात काही वाया जात नाही. आली, तर एमएला भाषाशास्त्र घे. पुण्यातलं डेक्कन कॉलेज तुला जवळचं आहे. विल्नियुस विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी लिथुआनियनचे उन्हाळी वर्ग असतात, ते एमएच्या पहिल्या वर्षानंतर कर. त्याआधी गेलीस तर खर्च होईल आणि पदरात संभाषणाची चार वाक्यं पडतील.

आणि एमएनंतर संशोधनात राहायचं नाही असं आत्ताच पक्कं वाटत असेल, तर दोन्ही भाषा बाजूला ठेवून जर्मन सी-१ पर्यंत ने. आपल्याकडे थेट नोकरी तीच देते.