वाचकांचे प्रश्न : धनुष्याच्या भुजेत बाक कुठे पडावा?

प्रश्न : वाऱ्याने आमच्या बांधावर पडलेल्या धामणीच्या खोडापासून मी 150 सेंटीमीटर लांबीचे धनुष्य तयार केले. प्रत्येक भुजेचा मुठीलगतचा अर्धा भाग रुंद व चपटा ठेवला आणि टोकाकडचा अर्धा भाग अरुंद, जाड व न वाकणारा केला. मी दोरी 71 सेंटीमीटरपर्यंत ओढतो. पहिला आठवडा बाण फार वेगाने गेले. आता मात्र दोरी उतरवल्यावरही टोके मुठीच्या सुमारे साडेसात सेंटीमीटर मागे वाकलेली राहतात आणि रुंद भाग जिथे अरुंद होतो, तिथे पाठीवर एक ढलपी उचलली आहे. लाकूड मे महिन्यात चिरले आणि जुलैमध्ये काम पूर्ण केले. पुढच्या धनुष्यात वाकणारा भाग अधिक जाड ठेवावा, की हा आकारच सोडून द्यावा?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आकार सोडू नये आणि जाडीही वाढवू नये. हा आकार फार जुना आहे. डेन्मार्कमधील होल्मेगार्ड येथील दलदलीत 1944 साली एल्म लाकडाची सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची धनुष्ये सापडली. त्यांच्या भुजा मध्याजवळ रुंद असून टोकांकडे निमुळत्या होत जातात. त्याच देशात एरो बेटाजवळ समुद्राखालील मोल्लेगाबेट या वस्तीच्या जागी मिळालेल्या धनुष्यात तर टोकाकडचा भाग वेगळी दांडी जोडल्यासारखा अरुंद व ताठ आहे. आपण घडवलेले धनुष्य या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचे आहे.

या रचनेचे मर्म वजनात आहे. बाण सुटताना भुजेचे टोक सर्वांत जास्त अंतर सर्वांत जास्त वेगाने कापते, म्हणून टोकावरचे थोडेसे वजनही बाणाला मिळणारी शक्ती खाते. लाकडाचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात वाढतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 24 मिलिमीटर रुंद व 12 मिलिमीटर जाड पट्टीऐवजी 12 मिलिमीटर रुंद व 18 मिलिमीटर जाड दांडी घेतली, तर लाकूड पाऊणपटच लागते आणि ताठपणा मात्र सुमारे 1.7 पट होतो. आपले बाण पहिल्या आठवड्यात वेगाने गेले, त्याचे कारण हेच होते.

मात्र टोके वाकत नाहीत, याचा अर्थ त्यांच्या वाट्याचा सगळा बाक आतल्या भागाला सोसावा लागतो. आपल्या धनुष्यात मूठ आणि तिच्या दोन्ही बाजूंचा न वाकणारा भाग मिळून 20 सेंटीमीटर धरला, तर प्रत्येक भुजा 65 सेंटीमीटरची होते आणि तिच्यापैकी जेमतेम 32 सेंटीमीटर वाकते. एवढ्याशा लाकडाकडून 71 सेंटीमीटरची ओढ मागणे म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. साध्या धनुष्यासाठीसुद्धा ओढीची दुप्पट आणि वर मुठीचा ताठ भाग, म्हणजे आपल्याला 162 सेंटीमीटर, एवढी लांबी मी कमीत कमी मानतो. ताठ टोकांच्या धनुष्याला त्याहून अधिक हवी. पुढचे धनुष्य 170 सेंटीमीटरचे करावे. त्यात प्रत्येक भुजा 75 सेंटीमीटरची होईल. पैकी 45 सेंटीमीटर वाकू द्यावी आणि 30 सेंटीमीटर ताठ ठेवावी.

आता जाडीविषयी सांगतो, कारण बहुतेक हौशी कारागीर याच ठिकाणी चुकतात. लाकूड वाकते तेव्हा पाठीवरचे, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूचे तंतू ताणले जातात आणि पोटाकडचे दाबले जातात. त्याच बाकाला पट्टी जितकी जाड, तितका हा ताण व दाब अधिक असतो. पोटाचे तंतू चिरडले की भुजा वाकलेली राहते. आपले साडेसात सेंटीमीटर तेथूनच आले आहेत. दोन-अडीच सेंटीमीटर बाक कोणतेही लाकडी धनुष्य धरते, त्याची काळजी करू नये. म्हणून बळ हवे असेल तर ते रुंदीतून घ्यावे. रुंदी 40 वरून 50 मिलिमीटर केली, तर तेवढ्याच ताठपणासाठी 12 मिलिमीटरऐवजी सुमारे 11 मिलिमीटर जाडी पुरते आणि तंतूंवरचा ताण सात-आठ टक्क्यांनी उतरतो. हा फरक कागदावर लहान दिसतो; धनुष्य टिकणे न टिकणे पुष्कळदा त्यावरच ठरते.

ढलपी उचलली, ती रुंद व अरुंद भागांच्या सांध्यापाशी रुंदी एकदम कमी केल्यामुळे. तिथे बाजूने आत वळताना तंतू आडवे कापले जातात आणि ताण एका रेषेवर साचतो. रुंदी किमान आठ-दहा सेंटीमीटरच्या अंतरात हळूहळू उतरवावी आणि ती कमी होण्याआधीच जाडी वाढू लागावी, म्हणजे सांधा स्वतः वाकणार नाही. पाठीला तर हत्यार लावूच नये. धामणीसारख्या आपल्याकडच्या लाकडांत वर्षवलये नेहमी स्पष्ट दिसत नाहीत, त्यामुळे एकच वलय राखून पाठ तासण्यापेक्षा साल काढल्यावर मिळणारा नैसर्गिक पृष्ठभाग तसाच ठेवणे सुरक्षित असते.

लाकडाची निवड आपण उत्तम केली आहे. हत्यारांचे दांडे आणि कावडीच्या दांड्या धामणीच्या करतात, त्या तिच्या लवचिकपणामुळेच. चुकला तो काळ. मे महिन्यात चिरलेले लाकूड जुलैत, तेही खानापूरच्या पावसात, सुकलेले असणे शक्य नाही, आणि ओलसर लाकडाचे पोट लवकर चिरडते. मीही एकदा जूनमध्ये घाई करून असेच एक धनुष्य गमावले, त्याची हळहळ अजून वाटते. चिरलेल्या लाकडाच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड रंग लावून ते सावलीत वाऱ्याला ठेवावे, ढोबळ आकार दिल्यावर दर आठवड्याला त्याचे वजन लिहून ठेवावे, आणि दोन-तीन आठवडे वजन बदलले नाही की मगच ते वाकवावे. आपल्या भागात शेवटचे काम फेब्रुवारी ते एप्रिल या काळात करणे श्रेयस्कर ठरते.

वाकवताना धनुष्य भिंतीवरील खुंटीवर बसवून दोरी खालच्या कप्पीतून ओढावी आणि स्वतः दूर उभे राहून दोन्ही भुजांचा बाक न्याहाळावा. जिथे भुजा ताठ दिसेल तिथेच पोटाकडून कानशीने थोडे लाकूड काढावे, मग वीस-तीस वेळा हलके ओढून पुन्हा पाहावे. ठरवलेल्या बळापेक्षा जास्त जोर एकदाही लावू नये. टोकांकडच्या दांड्या सर्वांत शेवटी, केवळ बाजूंनी, बारीक कराव्यात. त्या 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा अरुंद झाल्या आणि दोरी मध्यरेषेवरून सरकली, तर भुजा पिळते. ढलपी उचललेले जुने धनुष्य मात्र पुन्हा ओढू नये. ते तोंडासमोर तुटते.

प्रश्न : अशा धनुष्याला नायलॉनची दोरी चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नायलॉन ताणले जाते, त्यामुळे दोरीची उंची, म्हणजे न ओढलेल्या दोरीचे मुठीपासूनचे अंतर, टिकत नाही. पॉलिएस्टरच्या धाग्यांची पिळलेली दोरी वापरावी आणि तिचे बळ धनुष्याच्या ओढबळाच्या किमान चौपट असावे. ताठ टोकांच्या धनुष्यात दोरीही हलकी हवी, म्हणून गरजेपेक्षा जास्त धागे घालू नयेत. बाण न लावता दोरी कधीही सोडू नये.

प्रश्न : स्वतःच्या शेतातील उभे झाड धनुष्यासाठी तोडता येते का?
– एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : कर्नाटकात 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार खासगी जमिनीतील झाड तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते; काही जातींना सूट आहे. सीमेपलीकडे चंदगडात जमीन असेल, तर तिथे महाराष्ट्राचा 1964 चा वृक्षतोड कायदा लागू होतो, म्हणून एका बाजूची परवानगी दुसरीकडे चालत नाही. हात-दीड हात घेराचे सरळ, फांद्या व पीळ नसलेले खोड पुरेसे असते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी गावातील सुताराकडे किंवा लाकडाच्या वखारीत तसा तुकडा आहे का, हे विचारून पाहावे.