पोर्टचा फ्लश कुणाकडून करून घ्यावा?

प्रश्न : माझं स्तनाच्या कॅन्सरचं केमो दिवाळीआधी संपलं. उजव्या बाजूला, कॉलरबोनखाली पोर्ट (औषध शिरेत सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी आणि तिची नळी) आहे. डॉक्टर म्हणतात, एवढ्यात काढायला नको. पण दर महिन्याला फ्लशसाठी, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून ती सलाईननं धुऊन घ्यायला, शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉस्पिटलात जायचं म्हणजे रिक्षाचे पैसे आणि अर्धा दिवस. गल्लीतल्या दवाखान्यातले कंपाउंडर म्हणतात, ''त्यात काय, साध्या सुईनं मी करून देतो.'' पुण्याच्या नणंदेला तर तीन महिन्यांनीच बोलावतात. मी काय करू? आणि नवरात्रात गरबा खेळला तर चालेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, आधी कंपाउंडरचं बोलते, कारण पत्र वाचून मला त्याचीच धास्ती वाटली. त्यांना पोर्टला हात लावू देऊ नका. तुमच्या कातडीखाली जी डबी आहे, तिच्या तोंडावर सिलिकॉनचा जाड पडदा असतो. साधी सुई आत शिरताना त्याचा बारीक तुकडा कापून काढते. असं होत राहिलं की पडदा गळू लागतो. पोर्टसाठी ह्यूबर नीडल लागते. तिच्या टोकाची घडण अशी असते की पडदा फक्त फाकतो आणि सुई काढली की पुन्हा मिटतो. सिरिंजही 10 मिलीची किंवा मोठीच हवी. लहान सिरिंजचा दाब फार असतो, त्यानं आतली नळी फाटू शकते.

माझी नोकरी केमोच्या डे-केअरमध्ये झाली. नीट केलेला फ्लश कसा असतो ते सांगते, म्हणजे तुम्हीच लक्ष ठेवाल. सिस्टर हात धुऊन, मास्क आणि निर्जंतुक हातमोजे घालून कातडी चांगली घासून पुसते आणि ती वाळेपर्यंत थांबते. मग डबी बोटांत पक्की धरून सुई सरळ खाली घालते, ती डबीच्या तळाला टेकेपर्यंत. त्यानंतर सिरिंजचा दांडा मागे ओढून रक्त येतं का ते बघते. हे बघितल्याशिवाय कुणी काही ढकलत असेल तर खुशाल थांबवा. मग सलाईन एका दमात नाही, थोडं ढकलायचं, थांबायचं, पुन्हा ढकलायचं. शेवटी बहुतेक ठिकाणी हिपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून ठेवतात. सलाईन जाताना तोंडात खारट चव आली तर घाबरू नका, पुष्कळांना येते.

रक्त आलं नाही तर हात वर करायला, मान वळवायला, खोकायला सांगतात. नळीच्या टोकाशी चिकटा जमला असेल तर तो विरघळवायचं औषध असतं. जोर लावून ढकलणं मात्र कधीच नाही.

आता मुदत. वापरात नसलेला पोर्ट चार आठवड्यांनी फ्लश करायचा, ही जुनी पद्धत. हल्ली बरेच कॅन्सरतज्ज्ञ दोन-तीन महिन्यांचं अंतर चालवून घेतात, म्हणून तुमच्या नणंदेचंही खोटं नाही. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा आणि जी मुदत ठरेल ती फाइलवर लिहून घ्या. त्यांनी अंतर वाढवलं तर तपासणीच्या दिवशीच फ्लश उरकेल. रिक्षाचा खर्च वाचवायचा तो असा, गल्लीत टोचून नव्हे.

फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला, पोर्टवर लाली किंवा दुखरी सूज आली, त्या बाजूचा हात, मान किंवा चेहरा सुजला, तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

गरबा जरूर खेळा! जखम भरली आहे आणि डॉक्टरांची ना नाही, मग घरी का बसायचं? ओढणीची पिन आणि जड हार तेवढा पोर्टवर येऊ देऊ नका.

पोर्ट अजून किती दिवस, हे मात्र दर तपासणीला तुम्हीच विचारत जा. गरज संपल्यावर नुसता राहिलेला पोर्ट म्हणजे जंतुसंसर्गाची आणि गुठळीची जोखीम. काढणं सोपं असतं. बहुधा तेवढीच जागा बधिर करून काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. तोवर पोर्टचं कार्ड पर्समध्ये असू द्या. एमआरआय किंवा सीटी स्कॅनला गेलात तर आधी ते दाखवा. सीटीचं रंगद्रव्य मशीननं जोरात सोडतात, तो दाब प्रत्येक पोर्टला सोसत नाही आणि तुमचा कुठला आहे ते कार्डावरून कळतं.