इंग्लिशच्या बोलीभाषा म्हणजे नक्की काय काय धरायचं, ॲक्सेंट पण त्यात येतो का?

नुसता ॲक्सेंट म्हणजे बोली नाही. उत्तर इंग्लंडमधला माणूस 'बाथ' मधला आ आखूड बोलतो आणि लंडनकडचा लांब, पण दोघांचे शब्द आणि व्याकरण एकच असेल तर तो फक्त उच्चाराचा फरक झाला. बोली म्हणायला शब्द किंवा व्याकरण बदलायला हवं, जसं यॉर्कशरमध्ये जुनी माणसं 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणतात म्हणजे नऊ ते पाच, तिथे व्हाइलचा अर्थच 'पर्यंत' होतो, किंवा न्यूकॅसलकडे लहान मुलाला 'बेर्न' म्हणतात. मला व्हाइलसारखी उदाहरणं फार आवडतात कारण शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ भलताच निघतो.

स्कॉट्स भाषेचं मात्र जपून. ती स्कॉटलंडमधली, जुन्या इंग्लिशपासूनच आलेली, पण ब्रिटनने 2001 मध्ये प्रादेशिक आणि अल्पसंख्याक भाषांच्या युरोपियन चार्टरखाली (म्हणजे करारनाम्याखाली) तिला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिलीये, त्यामुळे सरसकट बोली म्हणू नका, लोक दुखावतात आणि ते बरोबरच आहे. स्कॉटलंडमधलीच दुसरी भाषा गेलिक तर वेगळ्याच, केल्टिक शाखेतली, तिचा इथे संबंधच नाही.

आणि हो, प्रमाण इंग्लिश पण एक बोलीच आहे, तिला बाहेर ठेवू नका.

फक्त इंग्लंडच्या ग्रामीण बोली बघायच्या असतील तर लीड्स विद्यापीठाने 1950 पासून साधारण 11 वर्षं 313 ठिकाणी फिरून जो सर्व्हे केला तिथून सुरुवात करा, गावागावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकेका वस्तूला काय म्हणता ते विचारलंय त्यात.