पाण्याखालच्या माशाचा मार्ग कसा कळतो?

प्रश्न : समुद्राच्या पाण्याखाली जीपीएस चालत नाही असे वाचले. मग अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या ट्यूना माशांना टॅग लावून त्यांचा मार्ग कसा शोधतात? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. खारे पाणी रेडिओलहरी शोषून घेते, त्यामुळे पाण्याखालच्या टॅगचा उपग्रहाशी संपर्कच होत नाही. पृष्ठभागावर वारंवार येणाऱ्या काही शार्कांच्या पाठीवरच्या परावर बसवलेले टॅग थेट संदेश पाठवू शकतात. निळपंखी ट्यूना, म्हणजे आपल्या कुप्याचा अटलांटिकमधला अजस्र भाऊबंद, तेवढी सवड देत नाही. त्याच्या बाबतीत थेट माग काढला जात नाही, तर टॅग महिनोन्‌महिने प्रकाश, तापमान आणि दाब यांची नोंद करतो आणि त्यावरून मार्ग मागाहून मांडला जातो.

टॅगमधले घड्याळ ग्रीनिच वेळेवर चालते. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या मधली वेळ, म्हणजे स्थानिक मध्यान्ह, ग्रीनिचपेक्षा किती पुढेमागे आहे यावरून रेखांश मिळतो, कारण एका तासाचा फरक म्हणजे १५ अंश. दिवसाच्या लांबीवरून अक्षांश मिळतो. मात्र मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास पृथ्वीवर सर्वत्र दिवस जवळपास सारखाच असल्याने अक्षांशाचा अंदाज कोलमडतो, आणि एका अंशाची चूक म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून पृष्ठभागाजवळच्या तापमानाची नोंद उपग्रहांनी टिपलेल्या समुद्रतापमानाशी ताडून पाहिली जाते.

खरी अडचण नोंदी परत मिळवण्याची होती. शरीरात बसवलेला टॅग मासा पुन्हा पकडला गेला तरच हाती येतो. त्यावरचा तोडगा म्हणजे ठरलेल्या दिवशी आपणहून सुटणारा टॅग. माशाच्या पाठीत रोवलेल्या दोरीला तो धातूच्या बारीक पिनेने जोडलेला असतो. वेळ झाली की पिनेतून विद्युतप्रवाह सोडला जातो, खाऱ्या पाण्यात ती काही तासांत गंजून तुटते, टॅग वर येऊन तरंगतो आणि आर्गोस उपग्रहयंत्रणेला नोंदींचा गोषवारा पाठवतो. मासा मेला आणि टॅग फार खोल जाऊ लागला, तर पाण्याच्या दाबाने चिरडून जाण्याआधीच सुटका करून घेण्याची सोयही त्यात असते. मला स्वतःला या रचनेतली सर्वांत चतुर गोष्ट ही सुटकाच वाटते.

१९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बार्बरा ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ असे टॅग निळपंखी ट्यूनांना लावले. मासेमारीच्या नियमांसाठी ४५ अंश पश्चिम रेखांशावर पूर्वेचा साठा आणि पश्चिमेचा साठा (साठा म्हणजे माशांचा वेगळा समूह) अशी विभागणी केलेली होती. पुढील वर्षांच्या टॅगनोंदींत मासे ही रेषा सर्रास ओलांडताना दिसले. त्यांपैकी काही प्रजननासाठी मेक्सिकोच्या आखातात गेले, काही भूमध्य समुद्रात. साठे दोन खरेच, पण खाद्याच्या शोधात ते एकाच पाण्यात मिसळतात, म्हणून एका बाजूच्या मासेमारीचा फटका दुसऱ्या बाजूच्या साठ्यालाही बसू शकतो.

बॅटरी आणि उपग्रहसंपर्काचा वेळ मर्यादित असल्याने सगळ्या नोंदी आकाशमार्गे येत नाहीत. सविस्तर माहिती टॅगच्या स्मृतीतच राहते, म्हणून अशा टॅगवर बहुधा संपर्काचा पत्ता आणि बक्षिसाची सूचना छापलेली असते.