चिनी अद्भुतकथांतील बंडखोरांच्या हाती नेहमी मंत्रविद्या का असते?

चिनी अद्भुतकथांमध्ये बंडखोर, राक्षस आणि ताओपंथी मंत्रविद्या ही तिन्ही नेहमी एकत्र का येतात, आणि त्यामागे इतिहास आहे की केवळ लेखकांची कल्पना, असे तुम्ही विचारले आहे. इतिहास निश्चितच आहे आणि तो ठाऊक असेल, तर या कथांचे बळ कितीतरी अधिक जाणवते.

आधी मंत्राचे स्वरूप पाहू. ताओ पुरोहित पिवळ्या कागदावर हिंगुळाच्या लाल शाईने जे मंतरलेले पत्र लिहितो, त्याची मांडणी सरकारी हुकमासारखी असते. ‘कायद्याच्या आज्ञेप्रमाणे तातडीने अंमल व्हावा’ अशा अर्थाचे त्यातील शेवटचे वाक्य तर हान या प्राचीन चिनी राजवटीच्या काळातील शासकीय कागदपत्रांतूनच आलेले आहे. स्वर्गातही अधिकाऱ्यांची उतरंड आहे असे मानले जात असल्यामुळे पुरोहित भुताखेतांची मनधरणी करत नाही, तर वरिष्ठांच्या नावाने त्यांना फर्मान सोडतो. साहजिकच, असे फर्मान काढण्याचा अधिकार आपल्याला आहे असे सांगणारा माणूस दरबाराच्या दृष्टीने दुसरे सरकारच स्थापन करत असे.

ही भीती अनाठायी नव्हती. इ.स. १८४ मध्ये ‘पिवळ्या फेट्यांचे’ बंड उभारणारा चांग च्युए आजाऱ्यांना आपले अपराध कबूल करायला लावून मंतरलेले पाणी पाजत असे, आणि त्याच्या अनुयायांनी सरकारी कचेऱ्यांच्या दारांवर पांढऱ्या मातीने नव्या कालचक्राच्या पहिल्या वर्षाचे नाव लिहून ठेवले होते.

मला मात्र वांग झे याचे बंड अधिक बोलके वाटते. दुष्काळामुळे गाव सोडून तो उत्तर चीनमधील बेईचौ येथे आला, स्वतःला विकून मेंढ्या राखू लागला आणि पुढे सैन्यात शिरला. निरोप देताना आईने त्याच्या पाठीवर ‘भाग्य’ हे अक्षर गोंदले होते. ते अक्षर आपोआप उमटले आहे, अशी वदंता नंतर पसरली. त्याचे अनुयायी मुळात मैत्रेय या भविष्यात येणाऱ्या बुद्धाच्या युगाची वाट पाहणारे होते. १०४७ सालच्या हिवाळ्यात त्यांनी शहर ताब्यात घेतले. हे बंड ६६ दिवस टिकले आणि अखेर वेन यानबो या सेनानीच्या सैन्याने तटाखालून भुयार खणून ते मोडून काढले.

याच घटनेवर ‘पिंगयाओ च्वान’ ही कादंबरी आधारलेली असून, फंग मंगलुंग याने १६२० साली तिचा विस्तार ४० प्रकरणांपर्यंत केला. मैत्रेयाच्या भक्तांची जागा इथे स्त्रीरूपातील मायावी कोल्हिणी आणि स्वर्गीय ग्रंथातून विद्या चोरणारा भिक्षू घेतात. दाणे आणि गवताच्या काड्या मंतरून सैनिक व घोडे उभे करणारी हू युंगअर यातलीच. तरीही बंडाला तोंड फुटते ते अगदी लौकिक कारणाने: भ्रष्ट अधिकारी शिपायांचा पगार अडवून ठेवतो, आणि मांत्रिक त्याच्याच कोठारातले पैसे व धान्य विद्येच्या जोरावर बाहेर काढून शिपायांना वाटतात. दुष्ट म्हणून रंगवलेल्या पात्रांच्या हातून लेखकाने हे घडवले आहे, याला मी फार मोल देतो, कारण त्यामुळे कथा दरबाराच्या बाजूने सांगितलेली असूनही शिपायांची बाजू झाकली जात नाही.

मा सुई या अधिकाऱ्याचा प्रसंगही असाच पाहण्यासारखा आहे. वांग झेचे मन वळवण्यासाठी तो शहरात गेला, ते साधेना तेव्हा त्याच्यावर तुटून पडला आणि तिथेच मारला गेला, एवढे इतिहासात नोंदलेले आहे. कादंबरीत त्याचा ठोसा नेमका वांग झेच्या तोंडावर बसतो. ओठ फाटतात, पुढचे दात पडतात आणि त्याला मंत्र उच्चारता येईनासे होतात. हुकूमच सुटत नाही म्हटल्यावर मायावी सैन्यही उभे राहत नाही, आणि पुढचे काम इतिहासाप्रमाणेच भुयार खणणाऱ्यांवर येते.